‘त्यात तुम्हाला काय मिळतं?’ – भुसावळच्या भावाला जरा सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की वय २८, भुसावळला नोकरी, रविवार मोकळा, आणि गरीब वस्तीतल्या मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेत व्हॉलंटिअर म्हणून जायचं बरेच दिवस मनात आहे. मित्र म्हणतात फोटो टाकायची हौस आहे, आई म्हणते आधी स्वतःच्या लग्नाचं बघ मग जगाचं बघ, आणि तुम्हाला स्वतःलाच खात्री नाही की आपण हे मुलांसाठी करणार आहोत का स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून. शेवटी विचारलंय की लोक हे नेमकं का करतात आणि आपलं कारण बरोबर आहे हे ओळखायचं कसं.

मला विचाराल तर तुम्ही परवानगी मागताय. मनाला बरं वाटावं म्हणून गेलो तर चालेल का, एवढाच तो प्रश्न आहे. चालेल. का चालेल ते सांगतो, जरा लांबेल, कारण १६ वर्षं झाली मी हेच बघतोय आणि या एका गोष्टीवर माझं मत आता पक्कं झालंय.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. धुळ्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी, सबमर्सिबल, पंखे, तांब्याची तार न् वॉर्निशचा वास असा सगळा धंदा. शिक्षक नाही, समाजकार्याची डिग्री नाही, दहावीला गणितात दोनदा आपटलेला माणूस आहे. पांझरेच्या काठाला एक वस्ती आहे, तिथे मारुतीच्या देवळाचा पत्र्याचा सभामंडप आहे, त्यात रविवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी आमचा वर्ग भरतो. ३५-४० मुलं, वयं ६ ते १३. एका छोट्या संस्थेचं काम आहे, नाव लिहीत नाही कारण मग ही जाहिरात होईल. व्हॉलंटिअर कधी नऊ असतात कधी मी आणि अजून एक जण. नवीन येणाऱ्यांना वर्ग दाखवायचं काम गेली दहा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे येणारे कोण, जाणारे कोण, का आले न् का गेले हे मी जवळून बघितलंय.

अजून एक, माझं सगळं सांगणं शहरातल्या वस्तीच्या वर्गाचं आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरात राहून शिकवणं हे वेगळंच काम, नर्मदेच्या बुडिताच्या गावांमध्ये नर्मदा बचाव आंदोलनातल्या लोकांनी जीवनशाळा नावाच्या शाळा चालवल्या ते तर अख्खं आयुष्य तिकडे ठेवणं झालं. वीटभट्टीवरची शाळा पुन्हा वेगळी. तुम्ही नोकरी सांभाळून रविवारी जाणार, तर तुम्हाला माझ्यासारख्याचाच अनुभव उपयोगी.

आता माझं कारण सांगतो, एकदम खरं. तेव्हा आमच्या घरात भावाभावांची वाटणी चालू होती. दुकान कोणाचं, शेताचा कोणता तुकडा कोणाला, आईनी कोणाकडे राहायचं. रविवारी दुकान बंद म्हणजे तिघं भाऊ घरी, आणि तिघं घरी म्हणजे दहा वाजता चहा आणि साडेदहाला भांडण. एक मित्र त्या वर्गावर जायचा, तो म्हणाला चल रे दोन तास, निदान घराबाहेर तर पडशील. मी गेलो. मुलांसाठी गेलो नव्हतो, गरिबी हटवायला गेलो नव्हतो, मी पळून गेलो होतो. वाटणी दीड वर्षात झाली, मोठ्या भावाशी आता बोलणंही आहे, पण रविवारचं जाणं सुटलं नाही ते नाहीच.

हे मी सुरुवातीला लाजेखातर कोणाला सांगत नव्हतो. कोणी विचारलं की ‘समाजाचं आपण देणं लागतो’ असं काहीतरी बोलून द्यायचो. नंतर जशी माणसं बघत गेलो तसं लक्षात आलं की लपवण्यासारखं त्यात काही नाहीये. उलट स्वतःच्या कारणाने आलेला माणूस टिकतो आणि फक्त उपकार करायला आलेला माणूस गळतो. सगळेच नाही, पण बहुतेक.

दोन-तीन माणसं सांगतो. एक रिटायर झालेले एसटी कंडक्टर आहेत. ते का येतात तर घरात बसवत नाही, सून म्हणते बाबा जरा बाहेर फिरून या. त्यांना वर्गात चार माणसं नमस्कार करतात, मुलं ‘कंडक्टर आजोबा’ म्हणून अंगावर येतात, त्यांचा रविवार जातो. पण त्यांनी काय केलं माहितीये, जुन्या तिकिटांच्या दरावर गणितं घालायला सुरुवात केली. धुळे ते पारोळा एवढे, तिथून एरंडोल एवढे, दोन फुल एक हाफ, पाचशेची नोट दिली तर परत किती. हाफ तिकीट म्हणजे काय हे शिकवताना अर्ध्याचा अपूर्णांक असा गेला मुलांच्या डोक्यात की आम्ही बघत राहिलो. सहा वर्षं झाली त्यांना, एवढ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काय सुट्टी घेतली असेल तेवढीच.

एक मुलगी बीएडला होती, ती स्पष्ट म्हणाली काका मला सराव पाहिजे आणि सर्टिफिकेट पाहिजे. मला आवडलं. अशा माणसाशी व्यवहार सोपा असतो, तिला काय हवंय ते आपल्याला माहीत, आपल्याला काय हवंय ते तिला माहीत. सर्टिफिकेट तिला सहा महिन्यातच दिलं होतं, ती चार वर्षं राहिली, लग्न होऊन नाशिकला गेली तेव्हाच सुटली.

आणि एक साहेब आले होते, चांगल्या हुद्द्यावरचे, मन पण चांगलं. पहिल्याच रविवारी ४० वह्या, ४० पेन्सिली, खाऊचे पुडे. मुलांनी वह्या घेतल्या आणि पळाली. कोणी थँक्यू म्हटलं नाही. दुसऱ्या रविवारी त्यातल्या एका वहीच्या पानांची विमानं सभामंडपात उडत होती. साहेब मला म्हणाले, यांना किंमत नाही हो. तिसऱ्या रविवारपर्यंत होते, चौथ्याला नव्हते. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण ते देणारे म्हणून आले होते, आणि देणाऱ्याला नकळत पोच लागते. ९ वर्षाच्या पोराकडून पोच मागायची म्हणजे कठीण आहे, आपलीच पोरं तरी कुठे देतात.

तुमचे मित्र फोटोवरून चिडवतात ना, त्यांना काय बोलायचं ते बोलू द्या. फोटोसाठी येणारे पण मी बघितले, ते फार त्रासाचे नसतात, एक रविवार येतात, वाढदिवसाचा केक कापतात आणि जातात. (मुलांचे चेहरे दाखवून फोटो टाकू नका, हे मात्र मी पहिल्याच दिवशी सांगतो. त्यातल्या एखाद्या मुलीला उद्या मोठी झाल्यावर कळलं की आपण कोणाच्या तरी स्टेटसवर ‘गरीब मुलं’ म्हणून होतो तर तिला कसं वाटेल.)

आता उपकारवाला का गळतो याचं अजून एक कारण आहे आणि ते खान्देशातल्या पोटापाण्याशी बांधलेलं आहे, ते समजून घ्या कारण तुमच्याही वर्गात हे होणार.

तुम्ही जून-जुलैपासून एखाद्या मुलाच्या मागे लागता. अक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या, दसऱ्यापर्यंत तो अडखळत का होईना वाक्य वाचायला लागतो. आणि दिवाळीनंतरच्या रविवारी तो नसतो. झोपडीला कुलूप. शेजारची बाई सांगते, गेले गुजरातला ऊसतोडीला. आपल्याकडचे धुळे-नंदुरबारचे कितीतरी भिल्ल, पावरा, मावची कुटुंबं दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं, मग पोरं कोणाकडे ठेवायची. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने ठेवलीये, मूल गावातच राहून शिकावं म्हणून, पण ती सगळीकडे आणि वेळेवर चालू असतेच असं नाही, आणि आजी असेल तर ठीक, नसेल तर मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला उसाच्या फडावर जाते आणि धाकटा बहिणीबरोबर जातो. ते परत येतात ते होळीच्या आसपास नाहीतर त्याच्याही नंतर. तेव्हा ‘क’ आणि ‘फ’ मध्ये पुन्हा गोंधळ.

दुसरं, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं साल आखाजी ते आखाजी असतं हे तुम्हाला माहीत असेल. आपल्या वस्तीतलं एखादं कुटुंब दुसऱ्या गावी कोणाच्या मळ्यावर सालाने राहिलं की आखाजीला सामान टेम्पोत टाकून गेलं, निरोप नाही काही नाही. लोक आखाजीला सांजोऱ्या खातात, झोके बांधतात, आमच्या वर्गात मात्र त्या आठवड्यात हजेरीच्या वहीतली दोन-तीन नावं खोडली जातात.

ज्याला ‘मी याचं आयुष्य बदलणार’ असं वाटत होतं त्याला हे कुलूप बघून फार लागतं. एक तरुण इंजिनिअर होता, तो त्या झोपडीसमोर बाइकवर बसून राहिला होता पंधरा मिनिटं. मग यायचाच बंद झाला. कंडक्टर आजोबांनाही वाईट वाटलं, पण ते पुढच्या रविवारी आले, कारण घरात बसवत नव्हतं! आणि ते होते म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी तो पोरगा परत आला तेव्हा त्याला ओळखणारं कोणीतरी तिथे होतं. आता बोला, कोणाचं कारण श्रेष्ठ.

आणि मुलांची कारणं तरी आपण कुठे तपासतो. रविवारी शाळा नाही म्हणजे शाळेतला पोषण आहार नाही. रोजची खिचडी म्हणजे पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ न् सहावी ते आठवीला १५० असा हिशोब असतो, वाचायला थोडं वाटतं पण ज्या घरात आई सकाळी सातलाच कामाला जाते तिथे दुपारचं तेच जेवण. तर रविवारी आम्ही वर्ग सुटताना मुरमुरे, शेंगदाणे, शेव असं मिसळून देतो, वर कांदा. निम्मी पोरं त्या मुरमुऱ्यासाठी येतात. काही येतात कारण घरात पत्रा तापतो आणि देवळात फरशी गार लागते. एक मुलगी यायची कारण तेवढा वेळ कडेवर धाकटं भावंड नसायचं, तिने स्वतः सांगितलंय मला. आम्ही म्हणतो का की ज्ञानाची तहान असेल तरच ये? नाही म्हणत. मुरमुऱ्यासाठी आलेल्याला पण पाढे येतात. मग तुम्ही मनाला बरं वाटायला आलात तर काय बिघडलं.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे, येण्याचं कारण कोणतंही असो, ते तुमचं स्वतःचं असू द्या आणि मुलांकडून त्याची वसुली नको. पण मग टिकायचं कशावर? सुरुवातीचं कारण तर संपतं कधी ना कधी, माझी वाटणी पण संपलीच की.

टिकतो माणूस तो एखाद्या पोराच्या अडचणीत अडकल्यामुळे. हे जरा नीट सांगतो.

एक मुलगा होता, चौथीत. आईबरोबर कापूस वेचायला जायचा सुट्टीत. मी त्याला पाटीवर ४३ गुणिले ८ घातलं. त्याने उत्तर लिहिलं ३२२४. मी म्हटलं चूक. पुन्हा केलं, पुन्हा ३२२४. आठ त्रिक चोवीस, आठ चोक बत्तीस, पाढे बरोबर, मग ३२ आणि २४ शेजारी शेजारी मांडून मोकळा. हातचा वगैरे त्याला तीन वर्षं शाळेत सांगून झालेलं, मी पण सांगून थकलो. दुकानात मोटार बिघडली की मी आधी शेतकऱ्याला विचारतो काय झालं, कधी झालं, वास आला का. इथे मात्र विचारायचं सुचलं नव्हतं. मग एका रविवारी सहज विचारलं, तुझ्या आईने काल किती कापूस वेचला? म्हणाला ४३ किलो. (हा आकडा निघाला ते नशीब माझं.) म्हटलं किलोला आठ रुपये दिले तर किती झाले? दोन बोटं मिटली, वर पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाला तीनशे चव्वेचाळीस. कसं केलंस? तर चाळीस किलोचे तीनशे वीस, वरच्या तीन किलोचे चोवीस. मी पाटी पुढे केली, म्हटलं मग हे काय लिहिलंय, ३२२४? त्याने बघितलं आणि हसायलाच लागला, ‘इतला पैसा कोन देई, सर!’

त्या दिवशी घरी जाताना मला जे वाटलं ना भाऊ, ते समाधान वगैरे नव्हतं, ते जळालेली मोटार कशाने जळली ते सापडल्यावर होतं तसं होतं. पोराला गुणाकार येत होता. कागदावरचा गुणाकार हा त्याच्या डोक्यातल्या गुणाकाराशी कोणी जोडूनच दिला नव्हता. ३२ हे बत्तीस नसून तीनशे वीस आहेत एवढीच वायर तुटलेली. मग पुढचे चार रविवार मी त्याच्याकडून सगळे गुणाकार किलोत आणि रुपयांत करून घेतले, आधी तोंडी, मग तेच जसंच्या तसं कागदावर, ३२० खाली २४, बेरीज. हातचा शेवटी आला आणि तो आपोआप आला. मी स्वतः दहावीला का आपटलो तेही मला त्या महिन्यात कळलं, हे वेगळंच.

तसंच भाषेचं. आमच्याकडे एक ताई शुद्धलेखन घ्यायच्या. त्यांनी ‘फळा’ सांगितलं की चार-पाच पोरं ‘फया’ लिहायची, ‘काळा’ चं ‘काया’, ‘डोळा’ चं ‘डोया’. ताई पुण्याकडच्या, त्यांना वाटायचं पोरांना ‘ळ’ काढता येत नाही, त्या वीस वेळा ‘ळ’ गिरवून घ्यायच्या. ‘ळ’ अगदी सुंदर गिरवायची पोरं, आणि पुन्हा ‘फया’ लिहायची. आता तुम्ही-आम्ही इकडचे म्हणून आपल्याला माहीत, आपल्या खान्देशी बोलीत, अहिराणीत, डोळ्याला डोयाच म्हणतात. पोरं अगदी प्रामाणिकपणे जे घरात ऐकलं ते लिहीत होती, त्यांचं लिहिणं बरोबरच होतं, फक्त दुसऱ्या भाषेत. ताईंना हे कळल्यावर त्यांनी फळ्यावर दोन रकाने पाडले, एक घरचा शब्द एक पुस्तकातला शब्द, डोया-डोळा, काया-काळा. पोरांना खेळ झाला, ताईंना अहिराणी शिकायला मिळाली. त्याच ताईंना एकदा एक रविवार दांडी पडली तर पुढच्या वेळी एका चिमुरडीने कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘मांगला इतवारले काबरं नही उनात?’ म्हणजे मागच्या रविवारी का नाही आलात. ताईंना ते समजलं याचाच त्यांना केवढा आनंद. भिल्ली किंवा पावरी बोलणारी मुलं असतील तर अंतर अजून वाढतं, तिथे एखादा मोठा मुलगाच मध्ये दुभाषी म्हणून बसवावा लागतो.

तर माणूस असा अडकतो. पुढच्या रविवारी मी जातो कारण मला बघायचं असतं की त्या अमक्याला वजाबाकी का अडतेय.

एक गोष्ट अजून, शिकवण्याच्या पलीकडची. तुमच्याकडे काही गोष्टी आहेत ज्या वस्तीतल्या आईकडे नाहीत, आणि त्यासाठी शिकवता आलंच पाहिजे असं नाही. सकाळचा एक मोकळा तास, अर्ज लिहिता येणं आणि साहेबासमोर उभं राहून न घाबरता बोलणं. एक ९ वर्षाची मुलगी होती, शाळेत कधी गेलेलीच नाही, आई-बाप फडावरून परतले तेव्हा मार्च उजाडलेला. आई शाळेत गेली तर तिथे सांगितलं जन्माचा दाखला आणा, आणि आता वर्ष संपत आलं, जूनमध्ये या. जूनमध्ये गेली तर पुन्हा दाखला. आई परत आली आणि गप्प बसली, तिची रोजंदारी दोनदा बुडली होती. मी गेलो तिच्याबरोबर. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही, आणि कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे राहिलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं असतं. मी त्या कलमांची झेरॉक्स खिशात नेली होती. काढायची वेळ आली नाही खरं तर, मी फक्त खुर्चीत बसून राहिलो आणि ‘लेखी देता का नाही म्हणून’ एवढंच विचारलं. पोरगी चौथीत बसली. शाळेतल्या माणसांना मी दोष देत नाही, त्यांच्यामागे पण कागदांचा ढीग असतो, पण तीच गोष्ट आईने सांगितली तर ऐकू येत नाही आणि शर्ट इन केलेल्या माणसाने सांगितली तर ऐकू येते, हे बघून मला त्या दिवशी राग पण आला आणि स्वतःचा उपयोगही कळला. चौथीतल्या त्या मुलीला अक्षरांपासून धरायला आमचे दोन पावसाळे गेले ते वेगळं.

कोणती कारणं खरंच वाईट, असंही तुम्ही विचाराल. माझ्या बघण्यात दोनच. एक, ज्याला पोरांनी आपल्यावर लट्टू व्हावं असं वाटतं. तो लाड करतो, गुपचूप पैसे देतो, एकट्याला बाइकवर फिरवतो, आणि मग एक दिवस गायब होतो. अशा माणसाला मी स्पष्ट नाही म्हणतो. मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, हा नियम आमच्याकडे मला धरून सगळ्यांना आहे, आणि ज्या संस्थेत असा नियम नसेल तिथे तुम्हीच विचारा का नाही म्हणून. दुसरं, जो स्वतःच्या पोराला घेऊन येतो ‘बघ ही कशी राहतात, तुला किती मिळतं’ म्हणून. ते पोरगं पण अवघडतं आणि आमची पण अवघडतात. तुमचं पोरगं आणायचं तर खाली बसून खेळायला आणा.

बाकी, आपल्याकडे एक अडचण अजून असते. हे काम म्हटलं की कोणीतरी साने गुरुजींचं नाव काढतं. ते अमळनेरला प्रताप हायस्कूलात १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृह पण सांभाळायचे, आणि अमळनेर आपल्या शेजारीच, त्यामुळे ते नाव आपल्याला घरच्यासारखं. पण ते नाव ऐकलं की साधा माणूस बिचकतो, म्हणतो आपण कुठे तेवढे, आपल्याला तर रविवारी दुपारी शेवभाजी खाऊन झोपायची पण हौस आहे. अहो मला पण आहे. वर्ग ११ वाजता सुटतो, मी १२ ला जेवतो आणि झोपतो.

आता करायचं काय. पहिले चार रविवार शिकवू नका. नुसते मागे बसा, एखाद्या पोराशेजारी, त्याने काय लिहिलं ते बघा. मग संस्थेला विचारा की मुलांची पातळी कशी बघता. ‘प्रथम’ नावाच्या संस्थेची मुलांना किती वाचता येतं ते बघणारी ‘असर’ पाहणी असते, तिच्यात २००५ पासून वापरतात ती वाचनाची साधी चाचणी आहे, अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एका मुलाला पाच-दहा मिनिटं लागतात. आम्ही तीच पद्धत उचलली. सातवीतला मुलगा शब्दांवर अडकलेला निघू शकतो आणि तिसरीतली मुलगी गोष्ट वाचणारी, म्हणून आम्ही गट इयत्तेने पाडत नाही, पातळीने पाडतो. फक्त त्या सातवीतल्याला लहानांमध्ये बसायची लाज वाटते, तर त्याला आम्ही मुरमुरे वाटायचं खातं देतो, म्हणजे त्याची इज्जत राहते. हे सगळं शिकून होतं, आधी यायला लागत नाही.

वेळ तुम्हाला झेपेल तेवढीच सांगा. महिन्यातले दोन रविवार सांगून दोन्ही आलात तर ते चार सांगून दोन येण्यापेक्षा फार चांगलं, कारण पोरं दाराकडे बघत असतात. लग्न ठरलं, बदली झाली, तर एक महिना आधी पोरांना स्वतः सांगून जा. खरंच दुसरं काही मागत नाही मी व्हॉलंटिअरकडे.

आणि आईला काय सांगायचं. माझी बायको पण विचारायची, त्यात तुम्हाला काय मिळतं? मी बरीच वर्षं गोलगोल उत्तरं दिली. मग एकदा तिला घेऊन गेलो, ती मुरमुऱ्याला फोडणी कमी पडते म्हणून ओरडली आणि आता मुरमुरे तीच करते, वर्गात मात्र पाच मिनिटंसुद्धा बसत नाही. आईंना समाजसेवा असं म्हणूच नका, त्यांना वाटतं पोरगं हातातून गेलं. सांगा की दोन तास जातोय, साडेअकराला घरी, मुलगी बघायला जायचं असेल तर संध्याकाळ मोकळी आहे.

जायचं तर जूनची वाट बघू नका, आत्ताच जा. दसरा तोंडावर आलाय, दिवाळी झाली की निम्मा वर्ग कोयत्यावर जाईल. त्याच्या आत दोन-तीन रविवार झाले तर निदान नावं तरी पाठ होतील, म्हणजे होळीला पोरं परत आली की कोण कोणतं ते तुम्हाला ओळखू येईल.